कुठले मेन्दोसा?

मागच्या वर्षी आमच्या कुलमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला गेला. विषय होता 'आपले आडनाव'. मी स्पॅनिश शिकवते, भाषांतरं करते, म्हणजे चार ओळी बऱ्या लिहीत असेन, एवढाच माझा अधिकार. मी चार पानं लिहून दिली. त्यातल्या एका पानावर असं म्हटलं होतं, की हे आडनाव आपल्या जातीबाहेर आणखी चार-पाच जातींत सापडतं आणि ती माणसं या मेळाव्यात का नसतात हे आपण कधी विचारलेलं नाही. स्मरणिका छापून आली तेव्हा तेवढं पान गायब होतं. मी फोन केला.

"ताई, ते आपले नव्हेत. नुसतं आडनाव सारखं आहे."

"पण मुखपृष्ठाच्या आत छापलंय ना, की एक आडनाव म्हणजे एक रक्त?"

"ते आपल्यापुरतं."

यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता, पण राग गेला नाही. आडनाव सारखं असेल तर नातं आहे, आणि नको असलेल्या माणसाचं आडनाव सारखं असेल तर तो निव्वळ योगायोग! ही सोय ज्यांनी शोधून काढली त्यांच्या हुशारीला दाद द्यायला हवी. आमचं आडनाव काय ते इथे सांगत नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठले?" हा प्रश्न गाव विचारत नाही, हे महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून मी एका परक्या आडनावाबद्दल लिहिणार आहे. लेकी बोले सुने लागे. मी मेन्दोसांबद्दल बोलते, लागायचं त्यांना लागेल.

आधी उच्चार. इंग्रजी वळणाने आपण 'मेंडोझा' म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये 'झ' नाही. माद्रिदमध्ये हे आडनाव 'मेन्दोथा' होतं, मेक्सिको आणि अर्जेंटिनात 'मेन्दोसा'. मी दुसरा उच्चार वापरते, कारण हे आडनाव लावणारे बहुसंख्य लोक आज अटलांटिकच्या पलीकडे राहतात.

मुळात हे एका खेड्याचं नाव. उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात, आलावा प्रांतात, वितोरिया शहराजवळ मेन्दोसा नावाचं छोटंसं गाव आहे. बास्क भाषेत 'मेंदी' म्हणजे डोंगर आणि 'होत्स' म्हणजे थंड. थंड डोंगर. 'दे मेन्दोसा' म्हणजे त्या गावचा. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावतात तसंच. गावात एक मध्ययुगीन बुरूज आहे आणि त्या बुरुजात काही काळ वंशचिन्हांचं संग्रहालय होतं. या गावातून निघालेलं एक घराणं चौदाव्या शतकात कास्तियाच्या राजकारणात वर चढलं, ग्वादालाहारात स्थिरावलं आणि पुढची दोनशे वर्षं स्पेनच्या सर्वांत बलाढ्य घराण्यांपैकी एक राहिलं. कवी, सेनापती, कार्डिनल, राजदूत, व्हाइसरॉय, सगळं या घराण्याने दिलं.

आज कुठलाही विश्वकोश उघडून 'मेन्दोसा' शोधलं तर एक लांब यादी मिळते. मार्क्वेस, कार्डिनल, व्हाइसरॉय, बॉक्सर, गायिका, बेसबॉलपटू, चित्रपट दिग्दर्शक, कादंबरीकार. अर्जेंटिनातलं एक शहर आणि प्रांत. मेक्सिकोतली एक चित्रित पोथी. ही यादी बघून माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो वंशवृक्षाचा. केवढं मोठं झाड आणि केवढ्या फांद्या! तोच विचार विकणारी दुकानंही आहेत. तुम्ही मेन्दोसा असाल तर ती तुम्हाला हिरव्या पार्श्वभूमीवर लाल पट्ट्याची मेन्दोसांची ढाल फ्रेम करून घरपोच पाठवतात. वास्तविक स्पेनच्या परंपरेतही ढाल आडनावाची नसते, विशिष्ट घराण्याची असते. पण दुकानदाराला त्याच्याशी देणंघेणं नाही. ढाल टांगणाऱ्यालाही नाही.

माझं म्हणणं असं, की ती यादी वंशवृक्ष नाहीच. ती नावं देण्याच्या आणि घेण्याच्या घटनांची यादी आहे. त्यातल्या कित्येक घटनांमध्ये रक्ताचा संबंध आला असेल तर तो सांडलेल्या रक्ताचा.

सुरुवात खुद्द बलाढ्य घराण्यापासून करू, कारण 'एक आडनाव, एक रक्त' हे कुठे खरं असेल तर तिथे असायला हवं. सांतियानाचा मार्क्वेस इन्यीगो लोपेस दे मेन्दोसा (1398–1458) हा या घराण्याचा मोठा माणूस. इटालियन धर्तीवरची सुनीतं कास्तियनमध्ये लिहिणाऱ्या पहिल्या कवींपैकी एक. त्याच्या मुलांची नावं पाहा: दिएगो उर्तादो दे मेन्दोसा, पेद्रो लासो दे मेन्दोसा, पेद्रो गोन्सालेस दे मेन्दोसा आणि लोरेन्सो स्वारेस दे फिगेरोआ. शेवटच्या नावात मेन्दोसा नाही. लोरेन्सो सावत्र नव्हता की दत्तक नव्हता. आईच्या माहेरचं नाव स्वारेस दे फिगेरोआ होतं, ते त्याला दिलं गेलं. त्या काळच्या कास्तियात हे सर्रास चाले. वारसाहक्कासोबत नाव येई, आजोबांच्या मानासाठी नाव येई, आईकडच्या जमिनीसाठी नाव येई. एकाच ताटात जेवणाऱ्या भावांची आडनावं वेगळी असण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

याच मार्क्वेसचा मुलगा पेद्रो गोन्सालेस दे मेन्दोसा कार्डिनल झाला. इसाबेला आणि फर्नांदो यांच्यानंतर स्पेनचा 'तिसरा राजा' म्हणून तो ओळखला जातो. धर्मगुरू असूनही त्याला मुलं होती. थोरल्याचं नाव त्याने ठेवलं रोद्रीगो दिआस दे विवार, म्हणजे अकराव्या शतकातल्या एल सिद या महावीराचं संपूर्ण नाव, आडनावासकट. आपलं कूळ सिदपर्यंत पोचतं असा मेन्दोसांचा दावा होता. दाव्याला पुरावा कमी पडत असेल तर मुलालाच पुरावा करायचं! आपल्याकडे वंशावळ सूर्यापासून आणि चंद्रापासून सुरू करणाऱ्यांनी एवढी मेहनत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणखी एक उदाहरण, जे मला सगळ्यांत जवळचं आहे. तेंदियाच्या काउंटचा, म्हणजे आणखी एका इन्यीगो लोपेस दे मेन्दोसाचा, मुलगा आंतोनियो दे मेन्दोसा 1535 साली 'नव्या स्पेन'चा, म्हणजे आजच्या मेक्सिकोचा, पहिला व्हाइसरॉय झाला. त्याची सख्खी बहीण मारिया. ती आईचं आडनाव लावायची: मारिया पाचेको. राजा कार्लोसविरुद्ध कास्तियातल्या शहरांनी बंड केलं, त्यात तिचा नवरा हुआन दे पादिया पुढारी होता. एप्रिल 1521मध्ये वियालारच्या पराभवानंतर त्याचा शिरच्छेद झाला. बाकीची शहरं शरण गेली, पण मारियाने तोलेदो शहर पुढचे कित्येक महिने लढवलं. फेब्रुवारी 1522मध्ये ती पोर्तुगालला निसटली. तिला माफी मिळाली नाही आणि 1531 साली ती तिथेच वारली. चार वर्षांनी तिचा भाऊ त्याच राजाचा प्रतिनिधी म्हणून मेक्सिकोला निघाला.

आईबाप तेच. एक मेन्दोसा, एक पाचेको. आडनावाच्या यादीत भाऊ सापडतो, बहीण सापडत नाही. आमच्या कुलवृत्तांतातही मुलींच्या नावापुढे सासरचं आडनाव येतं आणि मग पूर्णविराम. तिथून पुढे आमची मुलं, नातवंडं 'आपली' राहत नाहीत. म्हणजे रक्ताचा अभिमान सांगणाऱ्या त्या जाडजूड ग्रंथातून निम्मं रक्त दर पिढीला वाहून जातं आणि कुणाला त्याचं सुतकही नसतं. स्पेनमध्ये निदान लग्नानंतर बाई आपलं आडनाव सोडत नाही आणि मूल दोघांची आडनावं लावतं. ही दोन आडनावांची पद्धत 1870च्या नागरी नोंदणी कायद्यानंतर पक्की झाली. अर्थात तिथेही बापाचं आधी आणि आईचं मागे हा क्रम बदलायची मुभा 1999च्या कायद्याने आली आणि बापाचं आपोआप पहिलं लागणं 2017मध्ये संपलं. तोवर आईचं नाव प्रत्येक पिढीत एक पायरी मागे सरकून नातवंडांपाशी गळून पडायचं.

तर एकाच रक्ताची दोन आडनावं झाली. आता एकाच आडनावाची वेगवेगळी रक्तं.

व्हाइसरॉय मेन्दोसाच्या मेक्सिकोत मिचोआकान नावाचा प्रांत होता. तिथल्या पुरेपेचा लोकांचा शेवटचा राजा तांगाश्वान याला 1530 साली नून्यो दे गुस्मानने ठार मारलं. त्याचा मुलगा स्पॅनिश दरबाराच्या छायेत वाढला, शिकला आणि पुढे मिचोआकानचा स्थानिक गव्हर्नर झाला. इतिहासात तो आंतोनियो वित्सिमेंगारी मेन्दोसा म्हणून सापडतो. व्हाइसरॉयचं नाव आणि आडनाव, मध्ये त्याचं स्वतःचं नाव. त्लातेलोल्कोचा नाहुआ गव्हर्नर दिएगोसुद्धा 'दे मेन्दोसा' होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा मातब्बर आश्रयदात्याचं नाव मिळणं ही रीतच होती. या मेन्दोसांना ढाल पाठवायची तर त्यावर काय काढणार?

आता लंडनला जाऊ. डॅनियल मेंडोझा (तो इंग्रज, म्हणून त्याचा 'झ' त्याचा त्याला ठेवू) 1764 साली लंडनच्या पूर्व भागात सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या, ज्यू कुटुंबात जन्मला. हातमोजे न घालता मुष्टियुद्ध खेळण्याचा तो काळ. धिप्पाड गड्यांसमोर हा बेताच्या उंचीचा माणूस चपळाई आणि बचाव यांवर जिंकायचा. 1789 साली त्याने मुष्टियुद्धाच्या कलेवर पुस्तक लिहिलं, 1792 ते 1795 तो इंग्लंडचा अजिंक्यवीर होता. त्याची ओळख 'मेंडोझा द ज्यू' अशीच होती. ज्या काळात लंडनच्या रस्त्यावर ज्यू माणसाला हटकणं हा करमणुकीचा प्रकार होता, त्या काळात त्या ओळखीला वजन आलं ते त्याच्या मुठींमुळे.

त्याच्याकडे हे आडनाव कसं पोचलं असेल? 1492 साली स्पेनने ज्यूंना हाकललं. पुष्कळजण पोर्तुगालला गेले, तिथे 1497 साली सक्तीने त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्यासोबत ख्रिस्ती नावं आली, बऱ्याचदा बड्या घराण्यांची. पुढे ॲमस्टरडॅमला, लंडनला पोचल्यावर त्यांनी उघडपणे आपला धर्म पुन्हा घेतला, पण आडनावं तीच राहिली. सेव्हिल हे स्पॅनिश इन्क्विझिशनचं पहिलं केंद्र. तिथे पहिले न्यायाधीश नेमले गेले तेव्हा, 1480 साली, सेव्हिलचा आर्चबिशप कोण होता? आपला 'तिसरा राजा', पेद्रो गोन्सालेस दे मेन्दोसा. तीनशे वर्षांनी त्याच आडनावाचा ज्यू लंडनच्या रिंगणात उभा राहतो आणि विश्वकोशातली यादी दोघांना अकारविल्हे शेजारी बसवते.

तिसरा प्रवास फिलिपाइन्सचा. तिथे तीनशे वर्षं स्पॅनिश राज्य होतं, पण लोकांची आडनावं सरकारी वहीत बसत नव्हती. कुणी संतांची नावं घेतलेली, कुणी 'दे ला क्रुस', भावाभावांची नावं वेगळी. कर वसूल करणाऱ्याची पंचाईत. 21 नोव्हेंबर 1849 रोजी गव्हर्नर नार्सिसो क्लावेरियाने हुकूम काढला, की प्रत्येक कुटुंबाने कायमचं आडनाव घ्यावं. त्यासाठी आडनावांची एक छापील अकारविल्हे सूची तयार केली गेली. त्यात स्पॅनिश आडनावं होती, स्थानिक शब्द होते, झाडांची आणि गावांची नावं होती. सूचीची पानं गावोगाव वाटली. काही गावांच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावची आडनावं म्हणूनच 'आर' या अक्षराने सुरू होणारी. रेशन दुकानावर धान्य वाटावं तशी आडनावं वाटली गेली. स्पेनमध्ये जे 'भाऊ-भाऊ, वेगळी आडनावं' म्हणून चारशे वर्षं चाललं होतं, तेच वसाहतीत अव्यवस्था ठरलं, हा त्यातला विनोद.

2009 साली कान महोत्सवात 'किनाताय' या चित्रपटासाठी सर्वोत्तम दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळवणारा ब्रिलांते मेन्दोसा फिलिपिनो आहे. त्याच्या पूर्वजांकडे आडनाव सूचीतून आलं की त्याआधी चर्चमधून, हा माझा मुद्दा नाही. मुद्दा हा, की नुसतं आडनाव पाहून हे कळणार नाही. आडनाव एवढंच सांगतं, की इथे कधीतरी स्पेनची वही उघडली गेली होती.

आता जागा आणि पुस्तकं. 2 मार्च 1561 रोजी पेद्रो देल कास्तियो नावाच्या अधिकाऱ्याने अँडीज ओलांडून पूर्वेच्या कोरड्या खोऱ्यात एक गाव वसवलं आणि त्याला आपल्या वरिष्ठाचं, चिलीचा गव्हर्नर गार्सिया उर्तादो दे मेन्दोसाचं, नाव दिलं. वरिष्ठ तेव्हा पंचविशीत होता. हेच आजचं अर्जेंटिनातलं मेन्दोसा, माल्बेक वाइनचं शहर. पाऊस जेमतेम, तरी रस्त्यारस्त्याला झाडांच्या रांगा आणि त्यांच्या बुडाशी वाहत्या पाण्याचे पाट. हे पाट स्पॅनिशांच्या आधीचे. वार्पे लोक डोंगरातल्या बर्फाचं पाणी कालव्यांनी आणून शेती करत होते. स्पॅनिश आले, त्यांनी त्याच पाण्यावर शहर वसवलं आणि वार्पे पुरुषांना वेठबिगार म्हणून डोंगरापलीकडे चिलीला हाकून नेलं. शहराला नाव मिळालं गव्हर्नरचं. एका जुन्या मोठ्या कालव्याला मात्र वार्पे सरदार ग्वायमाय्येनचं नाव अजून आहे. ज्याने पाणी आणलं त्याच्या नावाने कालवा, ज्याने हुकूम काढला त्याच्या नावाने शहर.

'कोदेक्स मेन्दोसा'चंही तेच. 1540च्या दशकात मेक्सिकोत तयार झालेली ही पोथी. नाहुआ चित्रकारांनी, तिथल्या भाषेत 'त्लाकुइलो'ंनी, ती रंगवली: अझ्टेक राजांच्या मोहिमा, कुठल्या गावाने किती कापड, किती कोको, किती पिसं कर म्हणून द्यायची त्याची चित्रं, आणि मूल जन्मल्यापासून म्हातारपणापर्यंतचं जगणं. सोबत स्पॅनिश मजकूर. पुढे ती फ्रेंचांच्या हाती लागली, आंद्रे तेवे या फ्रेंच भूगोलज्ञाने तिच्यावर सही ठोकली, मग ती इंग्लंडला गेली आणि 1659पासून ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. व्हाइसरॉय मेन्दोसाने ती राजासाठी करवून घेतली असं मानतात, आणि तेवढ्यावरून अठराव्या शतकात तिला त्याचं नाव चिकटलं. त्याने त्यात एक रेघ ओढलेली नाही. तरी 'मेन्दोसा' आडनावाच्या यादीत ही पोथी आहे आणि ती रंगवणारा हात नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, असेल बुवा, पण यात एवढं चिडण्यासारखं काय? आडनावाचा अभिमान बाळगला तर कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं. स्पेनमध्येच काय झालं ते बघा. 1449 साली तोलेदो शहराने ठराव केला, की धर्मांतरित ज्यूंच्या वंशजांना सरकारी पदं नाहीत. 1547 साली तोलेदोच्या कॅथीड्रलने हाच नियम आपल्याकडे लावला. हळूहळू विद्यापीठातली कॉलेजं, सरदारांचे लष्करी संघ, मठ, सगळीकडे 'रक्तशुद्धी'चे दाखले मागायला सुरुवात झाली. अर्जदाराच्या गावी माणसं जायची, म्हाताऱ्यांना विचारायची: याचे आजे कोण, पणजे कोण, स्वयंपाक कसला करायचे? 'कुठले?' हाच प्रश्न. फरक इतकाच, की तिथे त्याची लेखी फाइल बनायची.

मग एक गंमत झाली. मेन्दोसा रक्ताचाच एक कार्डिनल, फ्रान्सिस्को दे मेन्दोसा इ बोबादिया. त्याच्या जवळच्या नातलगाला एका लष्करी संघात घेताना रक्ताबद्दल शंका काढली गेली. कार्डिनल भडकला. 1560 साली राजाला सादर केलेलं एक टिपण त्याच्या नावावर ओळखलं जातं: 'खानदानी घराण्यांचं कोलीत' अशा अर्थाचं त्याचं नाव. त्यात स्पेनच्या जवळपास सगळ्या बड्या घराण्यांच्या वंशावळी उलगडून दाखवलं होतं, की तुमच्यातल्या प्रत्येकाच्या मागे कुणी ना कुणी ज्यू किंवा मूर आहे. आमचं रक्त तपासणार असाल तर या, सगळ्यांचंच तपासू. हे टिपण पुढे शतकानुशतकं हस्तलिखित प्रतींतून फिरत राहिलं.

मला हे कोलीत आवडतं, पण कार्डिनल आवडत नाही. त्याने रक्तशुद्धीची कल्पना चूक आहे असं म्हटलं नाही. माझ्या घरावर आलात तर तुमचीही घरं पेटवेन, एवढंच म्हटलं. स्वतःच्या दाराशी येईपर्यंत त्याला त्या प्रश्नाचा त्रास झाला नव्हता. आमच्या मेळाव्यातही मी असे कार्डिनल पाहिले आहेत. शहरात घर भाड्याने घेताना मालकाने "कुठले?" विचारलं की यांचा जळफळाट होतो आणि स्मरणिकेत तोच प्रश्न हे स्वतः दुसऱ्याला विचारतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्याकडे नावच उरतं. स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांनी पाचशे वर्षं आडनावं जपली. 2015 साली स्पेनने कायदा करून त्या वंशजांना नागरिकत्व देऊ केलं, तेव्हा इतर पुराव्यांसोबत आडनावाचाही विचार होणार होता. त्या वेळी हजारो आडनावांची एक यादी नेटवर फिरली. ती सरकारी नव्हती, नुसत्या आडनावावर नागरिकत्व मिळणारही नव्हतं, पण जगभर लोक तीत आपलं नाव शोधत बसले. त्यांना मी हसणार नाही. पण काय झालं ते नीट पाहावं. बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती झाल्याची खूण म्हणून लादलेलं नाव पाचशे वर्षांनी ज्यू असल्याची खूण म्हणून पुढे आलं. म्हणजे नावाला अर्थ आला तो जपणाऱ्यांमुळे. ज्यांनी दिलं त्यांच्यामुळे नाही, आणि रक्तामुळे तर नाहीच.

म्हणून कुणी मला "मूळचे मेन्दोसा कोण?" विचारलं, तर मी ग्वादालाहारातला राजवाडा दाखवणार नाही. मी लिडिया मेन्दोसाचं नाव सांगेन. 1916 साली ह्यूस्टनला जन्मलेली, बारा तारांची गिटार वाजवणारी, टेक्ससमधल्या मेक्सिकन मजुरांची गायिका. घरदार रस्त्यावर, बाजारात गाऊन पोट भरायचं. 'माल ओंब्रे' हे तिचं गाजलेलं गाणं 1934 साली ध्वनिमुद्रित झालं. त्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंगमच्या वेष्टनावर मिळाले होते. मी मारियो मेन्दोसाचं नाव सांगेन. मेक्सिकोच्या चिवावाचा बेसबॉलपटू, क्षेत्ररक्षणात इतका सफाईदार की मायदेशात त्याला 'रेशमी हातांचा' म्हणत. अमेरिकेत मात्र त्याच्या फलंदाजीवरून .200 या सरासरीला, म्हणजे पाचांत एक फटका, 'मेंडोझा लाइन' म्हणू लागले. त्याखाली गेलात तर नालायक. खुद्द मारियोची कारकिर्दीची सरासरी .215 होती. ज्या रेषेला त्याचं नाव आहे तिच्या तो वरच होता! नाव देणारे हिशेब तपासत नाहीत, हे यातही दिसतं.

आता घरी परत येते, कारण हे आडनाव आपल्याही दारात आलेलं आहे. गोव्यात, वसईत, मंगळूरला मेंडोन्सा आहेत. हे मेन्दोसाचं पोर्तुगीज भावंड मानलं जातं. 1600 साली कुंजाली मरक्काराचा किल्ला घेणाऱ्या मोहिमेचा सेनापती आंद्रे फुर्तादो दे मेन्दोन्सा. 1609 साली तो गोव्याचा गव्हर्नर झाला. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती. तिथल्या भातशेतीत राबणाऱ्या कुटुंबाला हे आडनाव मिळालं ते बाप्तिस्म्याच्या वहीत. त्या कुटुंबाचा सेनापतीशी संबंध शोधणारा मूर्ख ठरेल. आणि त्या आडनावावरून त्या कुटुंबाला परकं ठरवणारा त्याहून मोठा मूर्ख ठरेल. ते मराठी बोलतात, शेत त्यांचं इथे आहे, नाव तेवढं बाहेरच्या वहीतलं.

आमचं आडनावही कुठल्या तरी वहीतूनच आलं असणार. पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या, नाहीतर शाळेत नाव घालताना मास्तरांच्या. ज्या चार-पाच जातींत ते सापडतं त्यांतल्या प्रत्येकाकडे ते वेगळ्या वाटेने आलं असेल. काहींनी ते मुद्दाम घेतलं असेल, 'कुठले?' हा प्रश्न चुकवण्यासाठी. स्मरणिकेतल्या त्या पानावर मी एवढंच लिहिलं होतं. या सगळ्यांना मेळाव्याला बोलवा आणि प्रत्येकाला त्याच्या नावाची गोष्ट सांगू द्या. रक्त एक निघणार नाही, पण दिवस बरा जाईल.

पुढच्या मेळाव्याचं पत्रक आलंय. त्यावर 'समस्त' असं छापलंय आणि खाली संपर्कासाठी फोन नंबर आहे. मी त्या नंबरावर फोन करून विचारणार आहे: समस्त म्हणजे कुठले?